तान्ह्या हृदयाची लय

मोठ्या माणसाचें हृदय अवचित भलत्याच गतीनें चालूं लागलें, तर तो छातीवर हात ठेवून सांगतो कीं, आंत धडधडत आहे, जीव घाबरा होत आहे. दोन महिन्यांच्या अर्भकाला हें सांगतां येत नाहीं. त्याच्यापाशीं तक्रारीचे मार्ग दोनच. एक रडणें व दुसरा दूध टाकणें. हृदयाची लय बिघडलेलें तान्हें मूल प्रथम अंगावर पितांना थकूं लागतें. दोन घोट घेऊन थांबतें, कपाळावर घाम येतो, ओठांभोंवतीं फिकटपणा दिसतो, श्वास भराभर चालतो आणि मग तें किरकिरत निजून जातें. ह्या प्रत्येक लक्षणाला घरांत दुसरें एखादें साधें कारण तयार असतें. उष्मा झाला असेल, पोट दुखत असेल, दृष्ट लागली असेल. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्यानें बाळाचें कांहीं बिघडत नाहीं हें खरें. मात्र तेवढ्यांत एक रात्र निघून जाते, आणि ह्या विकारांपैकीं कांहींत त्या एका रात्रीला फार किंमत असते.

हे विकार विरळा आहेत. त्यांतला सर्वांत नित्याचा जो शीघ्रगतीचा विकार, तोही अडीचशें ते हजार मुलांत एकाला होतो. उलट बाजूचा, म्हणजे अतिमंद गतीचा जन्मजात विकार पंधरा ते वीस हजार जन्मांत एकदां आढळतो. आणि कांहीं प्रकार तर असे आहेत कीं, गांवोगांवीं बालरोगांची चिकित्सा करणाऱ्या डॉक्टरला उभ्या आयुष्यांत ते एकदांही दिसूं नयेत. तरीही त्यांची चिकित्सा गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरीच पुढें गेली आहे, आणि तिचें सारें मर्म एका प्रश्नांत सांठविलें आहे : समोरच्या ह्या बाळाच्या बाबतींत काळ हा मित्र आहे कीं शत्रु? कांहीं विकारांत वाढत्या वयाबरोबर दोष आपोआप लोपतो. तेथें डॉक्टरनें तेवढा काळ बाळाला सुखरूप निभावून न्यावयाचें असतें. कांहींत मात्र उलटणारा प्रत्येक दिवस हृदयाला झिजवीत असतो. बाहेरून पाहणाराला दोहोंचें रूप पुष्कळदां सारखेंच दिसतें.

हृदयाची लय हृदयांतच जन्मते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत, जेथें मोठी नीला येऊन मिळते तेथें, विशिष्ट पेशींची एक लहानशी गांठ असते. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक ह्या दोघां ब्रिटिश संशोधकांनीं १९०७ मध्यें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच्या आदल्याच वर्षीं जर्मनींत मारबुर्ग येथें काम करणाऱ्या सुनाओ तावारा ह्या जपानी तरुणानें वरचे व खालचे कप्पे ह्यांच्या सीमेवरील दुसरी गांठ दाखवून दिली होती. भजनाच्या मेळ्यांत पखवाजी लय धरतो आणि टाळकरी त्याच्यामागून जातात, तशी ही पहिली गांठ लय धरते व बाकीचें हृदय तिच्या मागून जातें. वरच्या व खालच्या कप्प्यांमध्यें तंतुमय पडदा असून त्यांतून विजेचा संदेश जाऊं शकत नाहीं. तावाराची गांठ हें त्या पडद्यांतलें एकुलतें एक द्वार. तेथें संदेश सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागाइतका अडतो, आणि तेवढ्यांत वरचें रक्त खालीं उतरतें. निरोगी तान्ह्या मुलाचें हृदय झोपेंत मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतें, रडतांना १८० पर्यंत चढतें, पुन्हां उतरतें. हा चढउतार हेंच प्रकृतीचें लक्षण होय.

गर्भावस्थेंत मात्र हा पडदा पुरा झालेला नसतो. वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणारे स्नायूंचे बारीक पूल त्यांत असतात. गर्भ वाढतो तसे ते नाहींसे होत जातात. एखादा पूल जन्मानंतरही शिल्लक राहतो, आणि शीघ्रगतीच्या विकाराचें मूळ अर्भकांत बहुधा तेथेंच असतें. अशा जादा पुलाची कार्डिओग्रामवर उमटणारी खूण बोस्टनचे वोल्फ व व्हाइट आणि लंडनचे पार्किन्सन ह्यांनीं १९३० मध्यें वर्णिली, व तिचा नीट उलगडा पुढें झाला. संदेश द्वारांतून खालीं उतरतो, पुलावरून वर चढतो, पुन्हां द्वारांतून खालीं. असा फेरा एकदां सुरू झाला कीं पखवाज्याला कोणी विचारीत नाहीं. ठोके मिनिटाला २२० ते ३०० पर्यंत जातात आणि तेथेंच खिळून राहतात. ताप आलेल्या किंवा भुकेनें रडणाऱ्या मुलाची नाडीही जलद असते, परंतु ती मूल शांत होतांच उतरते. फेऱ्यांत सांपडलेली नाडी बाळ झोपलें काय नि रडलें काय, तीच राहते. ती एकाएकीं सुरू होते आणि एकाएकींच थांबते. इतक्या घाईंत कप्पे भरावयास वेळच मिळत नाहीं. धडधाकट बाळ दिवस दोन दिवस हा भार सोसतें. मग हृदय थकतें, यकृत सुजतें, हातपाय गार पडतात.

हा फेरा तोडण्याचा पहिला उपाय औषधांच्या कपाटांत नसून बर्फाच्या पेटींत असतो. बर्फ व पाणी भरलेली पिशवी बाळाच्या कपाळावर, डोळ्यांवर व नाकाच्या वरच्या भागावर पंधरा ते तीस सेकंद टेकवितात; नाकपुड्या व तोंड मोकळीं ठेवितात. पाण्यांत बुडी मारणाऱ्या प्राण्याचें हृदय आपोआप मंदावतें. तीच जन्मजात प्रतिक्रिया तान्ह्या मुलांत विशेष बलवान् असते. चेहऱ्याला गारठा लागतांच व्हेगस नांवाचा मज्जातंतु जागा होतो व मधल्या द्वाराला क्षणभर रोखून धरतो. द्वार बंद होतांच फेरा तुटतो, आणि पहिली गांठ पुन्हां आपली लय धरते. पूर्वीं कोठें कोठें डोळ्यांच्या बाहुल्यांवर दाब देण्याची रीत होती. ती डोळ्यांना अपायकारक ठरल्यामुळें आतां सर्वस्वी वर्ज्य मानली जाते. बर्फाचा उपायही ऐकीव माहितीवर घरीं करून पाहण्याजोगा नव्हे. कार्डिओग्राम चालू असतांना, प्राणवायूची तयारी जवळ ठेवूनच तो करावयाचा असतो. वारंवार झटके येणाऱ्या एखाद्या मुलाच्या आईबापांना डॉक्टरनें स्वतः तो शिकवून ठेवला असेल, तर गोष्ट निराळी.

बर्फानें काम न भागलें तर ॲडेनोसिन देतात. ह्या द्रव्याची हृदयावरील क्रिया केंब्रिज येथें ड्रुरी व सेंट-ग्यॉर्गी ह्यांनीं १९२९ मध्येंच दाखविली होती. रुग्णालयाच्या नित्याच्या वापरांत तें यावयास त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षें गेलीं. रक्तांत शिरल्यापासून दहा सेकंदांच्या आंत त्याचा निम्मा अंश नाहींसा होतो. म्हणून तें हृदयाच्या शक्य तितक्या जवळच्या शिरेंतून, एका दमांत, मागोमाग मिठाच्या पाण्याची पिचकारी मारून द्यावें लागतें. मग कार्डिओग्रामच्या कागदावरील रेघ कांहीं क्षण सपाट धांवते. उशाशीं उभ्या असलेल्या आईबापांना ही गोष्ट आधीं सांगून ठेवलेली नसेल, तर ते क्षण त्यांना फार जड जातात. त्यानंतर एक ठोका उमटतो, दुसरा उमटतो, आणि लय सुरळीत चालूं लागते. बाळ आधींच मूर्च्छित पडलें असेल, रक्तदाब खालावला असेल, तर औषधाची वाट न पाहतां विजेचा मोजका धक्का देतात. वजनाच्या दर किलोला अर्धा ते एक ज्यूल एवढीच त्याची मात्रा असते.

येथें एका औषधाचा इतिहास सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. व्हेरापॅमिल हें औषध मोठ्या माणसांतील अशाच फेऱ्यावर चांगलें गुणकारी आहे. साहजिकच तें लहान मुलांनाही देण्यांत येऊं लागलें. परंतु एक वर्षाच्या आंतल्या बाळांना तें शिरेंतून दिल्यावर रक्तदाब कोसळल्याच्या, हृदय थांबल्याच्या हकीकती १९८० नंतरच्या दशकांत वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाल्या, आणि त्या वयांत तें वर्ज्य ठरलें. कारण मोठें उद्बोधक आहे. प्रौढ हृदयाची पेशी आकुंचनाला लागणारें कॅल्शियम आपल्या आंतच कोठारांत सांठवून ठेवते. तान्ह्या पेशीचीं हीं कोठारें अपुरीं असतात. तिला दर ठोक्याला बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर विसंबावें लागतें. व्हेरापॅमिल नेमकी ही बाहेरची वाट बंद करतें. मात्रा वजनाच्या हिशेबानें कितीही काटेकोर केली तरी हा भेद भरून निघत नाहीं. बालहृदयाची चिकित्सा हें मोठ्यांच्या चिकित्सेचें आटोपशीर रूप होय अशी समजूत त्या काळापर्यंत पुष्कळांची होती. ती ह्या एका औषधानें पुरती मोडली.

फेरा थांबला तरी पूल जागच्या जागींच असतो. म्हणून झटका पुन्हां येऊं नये यासाठीं कांहीं महिने नेमानें औषध द्यावें लागतें. बहुधा तें प्रोप्रॅनोलॉल किंवा डिगॉक्सिन असतें. पहिलें जेम्स ब्लॅक ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें व १९८८ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. दुसऱ्याचें कूळ डिजिटॅलिस वनस्पतीचें. तिच्या औषधी उपयोगावर विल्यम विदरिंग ह्यांनीं १७८५ मध्येंच ग्रंथ लिहिला होता. एवढीं जुनीं औषधें, पण अर्भकांत त्यांतलें कोणतें सरस ह्याची रीतसर तुलना प्रसिद्ध व्हावयास २०१२ साल उजाडावें लागलें. त्या अभ्यासांत ६१ बाळें होतीं, आणि दोन्ही औषधें सारखींच ठरलीं. ६१ हा आंकडा लहान वाटेल; परंतु अशा विकारांत अनेक रुग्णालयें एकत्र आल्यावांचून तेवढींही मुलें जमत नाहींत. कार्डिओग्रामवर जादा पुलाची खूण स्पष्ट दिसत असेल तर डिगॉक्सिन टाळतात, कारण तें द्वाराला मंद करतें पण पुलाला कधीं कधीं अधिक चपळ बनवितें.

हीं औषधें घरांत द्यावयाचीं असल्यानें त्यांच्या दोन गोष्टी गृहिणीला ठाऊक असाव्या. प्रोप्रॅनोलॉल उपाशीं बाळाच्या रक्तांतील साखर एकदम उतरवूं शकतें. तें दुधाबरोबर द्यावें, आणि बाळ पीत नसेल किंवा ओकत असेल तर पुढील मात्रा देण्याआधीं डॉक्टरला विचारावें. दुसरी गोष्ट फ्लेकेनाइडची. पहिल्या दोन औषधांनीं भागलें नाहीं तर हें देतात. दूध ह्या औषधाचें शोषण कमी करतें. त्यामुळें दुधावरच्या बाळाला जी मात्रा बरोबर बसलेली असते, तीच तें जुलाबानें दूध तोडलें असतांना किंवा वरचें अन्न खाऊं लागल्यावर अधिक होऊन बसते. बाळाच्या आहारांतला बदल हा येथें डॉक्टरला कळविण्याचा विषय आहे.

दर सहा किंवा आठ तासांनीं, रात्रीं गजर लावून, महिनेच्या महिने मोजून थेंब पाजणें सोपें नाहीं. शिरेंतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन तो पूल जाळून टाकण्याची रीत १९९० च्या सुमारापासून मुलांतही रूढ झाली आहे, आणि मोठ्या मुलांत ती उत्तम यश देते. ‘एकदांच काय तें करून ह्या पोराला मोकळें करा’ असें आईबापांनीं म्हणणें स्वाभाविक आहे. तरी जाणता डॉक्टर बहुधा नकार देतो, आणि तो नकार कचरण्यामुळें नसतो. पहिलें कारण असें कीं, ह्या बाळांपैकीं बहुसंख्यांचे झटके वर्षाच्या आंत आपोआप थांबतात. पूल सुकून जातो किंवा त्याची संदेश नेण्याची शक्ति जाते. दुसरें कारण १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसून आलें. कोंकरांच्या हृदयांवर असे डाग देऊन तीं मोठीं झाल्यावर पाहिलें, तेव्हां हृदयाबरोबर डागही वाढलेले आढळले. अर्भकाच्या हृदयावर टांचणीच्या डोक्याएवढा दिलेला डाग पुढें केवढा होईल ह्याची हमी कोणी द्यावी? शिवाय द्वार व पूल ह्यांमधील अंतर तेथें इतकें थोडें असतें कीं, पूल जाळतांना द्वारच जळण्याचा धोका असतो. १५ किलोंहून कमी वजनाच्या मुलांत ह्या उपायाचे अपाय अधिक, असें तेव्हांच्या अनुभवानें दाखविलें, आणि आजही तेवढ्या लहान मुलांत तो निरुपायानेंच करतात. सुमारें एक तृतीयांश मुलांत हा विकार शाळेच्या वयांत पुन्हां डोकें वर काढतो. तेव्हां मूल धडधडणें सांगूं शकतें, त्याचें हृदय मोठें झालेलें असतें, आणि तेंच काम पुष्कळ निर्धास्तपणें करतां येतें.

परंतु काळ नेहमींच इतका सोयीचा नसतो. पॅरिसचे हृद्रोगतज्ज्ञ फिलिप कूमेल ह्यांनीं १९६७ मध्यें एका चिवट शीघ्रगतीचें वर्णन केलें. तींत जादा पूल फार मंद असतो. त्यामुळें ठोके कधीं १५० च, कधीं २०० च्या घरांत जातात, पण फेरा रात्रंदिवस थांबतच नाहीं. आंकडा भीतिदायक नसल्यामुळें हा विकार फसवितो. महिनोन् महिने अशा गतीनें चालल्यावर हृदयाचा स्नायु सैल पडतो, आकार फुगतो, आणि हा हृत्स्नायूचाच रोग आहे असें निदान होऊन बसतें. खरें कारण ओळखून औषधानें, नाहींच तर तारेनें, फेरा बंद केला कीं तेंच फुगलेलें हृदय कांहीं महिन्यांत बहुधा पूर्ववत् होतें. निदानाच्या एका चुकीनें बरा होणारा रोग असाध्य ठरावा, अशीं उदाहरणें वैद्यकांत फार नाहींत.

कूमेल ह्यांनींच १९७६ मध्यें वर्णिलेला दुसरा प्रकार याहून दारुण. त्यांत फेरा नसतोच. द्वाराजवळच्या पेशीच बंड करून स्वतःची लय काढतात, आणि म्हणून बर्फ, ॲडेनोसिन, विजेचा धक्का ह्यांपैकीं कशानेंही ती मोडत नाहीं. १९९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अशा अर्भकांपैकीं सुमारें एक तृतीयांश दगावल्याचें आढळलें. २००९ मधील पाहणींत हें प्रमाण सुमारें चार टक्क्यांवर आलेलें होतें. मधल्या काळांत अमियोडेरोन ह्या औषधाचा वापर सरावाचा झाला. त्यानें थायरॉइड ग्रंथीला बाधा येऊं शकते, म्हणून रक्ताच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. अलीकडे इव्हाब्रॅडिन ह्या औषधानेंही कांहीं बाळांत लय आटोक्यांत आणली आहे. हृदयावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हाच विकार तात्पुरता उद्भवतो तेव्हां मुलाला गुंगींत ठेवून त्याचें अंग गार करतात. तपमान ३४-३५ अंश सेल्सियसपर्यंत उतरवितात. बंडखोर पेशी गारठ्यानें मंदावतात, आणि थोड्या दिवसांत शस्त्रक्रियेची सूज ओसरली कीं बंड आपोआप शमतें. म्हणजे ह्या भयंकर विकाराच्या एका रूपांतही अखेर काळच उपयोगी पडतो.

आणखी एक विकार असा कीं, त्यांत लय पुष्कळदां बिघडलेली दिसतच नाहीं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी विजेच्या दृष्टीनें पुन्हां सज्ज व्हाव्या लागतात. कांहीं कुटुंबांत जनुकांतील दोषामुळें ह्या सज्जतेला वाजवीपेक्षां अधिक वेळ लागतो; कार्डिओग्रामवर क्यू ते टी हें अंतर लांबलेलें दिसतें. एरवीं मूल हंसतें-खेळतें असतें, आणि एके दिवशीं हृदय एकाएकीं थरथरूं लागून मूर्च्छा किंवा मृत्यु येतो. इटलींत जेनोआ येथील चेझारिनो रोमानो ह्यांनीं १९६३ मध्यें तीन महिन्यांच्या एका मुलीची अशी हकीकत प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षीं आयर्लंडचे वॉर्ड ह्यांनीं तसाच अनुभव मांडला, आणि विकाराला दोघांचें नांव पडलें. इटलींतीलच पीटर श्वार्ट्झ ह्यांनीं चौतीस हजारांहून अधिक नवजात बाळांचे कार्डिओग्राम तिसऱ्या-चौथ्या दिवशीं काढवून त्यांवर पुढें वर्षभर नजर ठेविली. झोपेंत अकारण दगावलेल्या २४ बाळांपैकीं १२ जणांत हें अंतर लांबलेलें होतें, असें त्यांनीं १९९८ मध्यें जाहीर केलें. प्रत्येक नवजात बाळाचा कार्डिओग्राम काढावा कीं नाहीं, ह्यावर तेव्हांपासून जो वाद चालू आहे तो मिटलेला नाहीं. हजारों निरोगी बाळांच्या आईबापांना विनाकारण घोर लावणें हीही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्या घरांत एखादें मूल किंवा तरुण माणूस असें अचानक गेलें आहे, तेथें पुढच्या बाळाचा कार्डिओग्राम काढण्यांत कोणताही वाद असण्याचें कारण नाहीं. निदान झाल्यास प्रोप्रॅनोलॉलसारखें औषध दीर्घ काळ, बहुधा जन्मभर, द्यावें लागतें. शिवाय घरांत सहज आढळणारीं कांहीं औषधें, उदाहरणार्थ ओकारीवरील डोम्पेरिडोन किंवा घशाच्या विकारांत दिलें जाणारें एरिथ्रोमायसिन, ह्या मुलांना घातक होऊं शकतात. त्यांची यादी डॉक्टरकडून लिहून घेऊन प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावी.

अतिमंद गतीची गोष्ट मातेपासून सुरू होते. कांहीं स्त्रियांच्या रक्तांत ‘आरओ’ नांवाच्या द्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्यें असतात. त्यांतल्या कित्येकींना पुढें सांध्यांचा किंवा त्वचेचा विकार होतो. कित्येकींना गर्भारपणीं कसलाही त्रास नसतो. हीं प्रतिद्रव्यें वारेंतून गर्भांत उतरतात, आणि शेंकडा एक-दोन गर्भांत, बहुधा अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान, मधल्या द्वारावर हल्ला करून तेथें व्रण पाडतात. व्रणाच्या जागीं वळ उरतो आणि द्वार कायमचें बंद होतें. वरचे कप्पे १४० नें चालतात, खालचे स्वतःच्या कुवतीप्रमाणें पन्नास-साठांनीं. जन्मानंतर सुमारें सहा महिन्यांत मातेचीं प्रतिद्रव्यें बाळाच्या रक्तांतून नाहींशीं होतात; बंद झालेलें द्वार मात्र उघडत नाहीं. मातांचा व ह्या विकाराचा संबंध १९७७ च्या सुमारास उघड झाला. निदान झाल्यावर घरांतून आईलाच दूषण लागतें. पुष्कळदां ती स्वतःच स्वतःला लावून घेते. तिच्या खाण्यापिण्याशीं, श्रमांशीं किंवा वागणुकीशीं ह्या प्रतिद्रव्यांचा कांहींएक संबंध नाहीं. बाळाच्या ह्या निदानामुळें तिच्या स्वतःच्या प्रकृतीची तपासणी वेळेवर होते, हा त्यांतला एक लाभ. पुढच्या गर्भारपणांत हाच विकार पुन्हां होण्याचा संभव सुमारें सहांत एक असतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हें मलेरियावरील जुनें औषध गर्भारपणाच्या आरंभापासून घेतल्यास तो निम्म्याहून खालीं येतो, असें २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळून आलें.

बंद द्वारावर औषध नाहीं; तेथें यंत्रच हवें. तें यंत्र सुटसुटीत झालें तेंही लहान मुलांच्या पायीं. अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें वॉल्टन लिलेहाय हे हृदयांतील भोकें शिवीत असत, आणि टांक्यांनीं कधीं कधीं द्वार दुखावून मुलाची गति मंद पडे. तेव्हां हृदयाला तार जोडून ती विजेच्या मोठ्या यंत्राला लावीत. यंत्राची दोरी भिंतींतल्या विजेला. म्हणजे मूल त्या दोरीला बांधलेलें. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजीं शहराची वीज गेली, आणि विद्युत्घटावर चालणाऱ्या यंत्राची निकड लिलेहाय ह्यांना पुरती पटली. त्यांनीं रुग्णालयाचीं यंत्रें दुरुस्त करणारे अर्ल बॅकन ह्यांना सांगितलें. बॅकन ह्यांना एका मासिकांत छापलेली, गाण्याचा ठेका मोजण्याच्या यंत्राची विद्युत्-रचना आठवली. त्या रचनेंत फेरफार करून त्यांनीं चार आठवड्यांत हातांत मावणारी पेटी तयार केली. प्राण्यावर प्रयोग झाला, आणि दुसऱ्या दिवशीं बॅकन रुग्णालयांत जाऊन पाहतात तों पेटी एका मुलाच्या अंगावर चालू! पुढल्या वर्षीं, ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं, स्टॉकहोम येथें सेनिंग व एल्मक्विस्ट ह्यांनीं अशी पेटी प्रथमच शरीराच्या आंत बसविली. ती कांहीं तासच चालली. तथापि तिचा धनी आर्ने लार्सन २००१ पर्यंत जगला आणि त्या अवधींत त्याला दोन डझनांहून अधिक पेट्या लागल्या. शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवसच लय सांवरावी लागणाऱ्या बाळांसाठीं तांदळाच्या दाण्याहून लहान, काम होतांच अंगांत विरघळून जाणारा पेसमेकर अमेरिकेंतील संशोधकांनीं २०२५ मध्यें जाहीर केला. त्याचे प्रयोग प्राण्यांवर व दान केलेल्या मानवी हृदयांवर झालेले होते.

जन्मतः हार्ट ब्लॉक असलेल्या प्रत्येक बाळाला लगेच पेसमेकर लागतोच असें नाहीं. गति पन्नास-पंचावन्नच्या खालीं असेल, हृदय थकत असेल, किंवा हृदयाच्या रचनेंतही दोष असेल, तर तो पहिल्या दिवसांतच बसवितात. नाहींतर लक्ष ठेवून थांबतात. मोठ्या माणसाप्रमाणें खांद्याजवळच्या शिरेंतून तार नेण्याइतकी अर्भकाची शीर रुंद नसते. म्हणून छाती थोडी उघडून तार हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर शिवतात, आणि पेटी पोटाच्या स्नायूंमागें ठेवितात. तार मुद्दाम लांब घेऊन तिचें एक वेटोळें आंत सोडलेलें असतें. मूल वाढतें तसें तें हळूहळू उलगडत जातें. तान्ह्या मुलाची गति जलद ठेवावी लागत असल्यानें विद्युत्घट लवकर झिजतो, आणि पेटी पांच ते दहा वर्षांनीं बदलावी लागते. अर्भकावस्थेंत पेसमेकर बसविलेल्या मुलावर हा पहिला प्रसंग बहुधा प्राथमिक शाळेंत असतांनाच येतो.